बऱ्हाणपूरची ब्रँडी

ती घटना आजही आठवते, ती ब्रँडी आणि खोबरेल तेलाच्या मिसळलेल्या वासासकट. निवृत्त म्हणवून घेण्याचं माझं वय नाही. चार वर्षं फौजदार होते, मग राजीनामा दिला. त्या वेळी मोताळा तालुक्यात नेमणूक होती. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. वऱ्हाडी कळायची, पण चौकशीत बोलायचं काम मी जमादारांवर सोपवायचे आणि स्वतः समोरच्या माणसाकडे बघत बसायचे.

दारूवरचा कर प्रत्येक राज्य आपापला ठरवतं. त्यामुळे एकाच नावाची बाटली बऱ्हाणपुरात स्वस्त आणि मलकापुरात महाग. मधे काही तासांचा एसटीचा प्रवास. आपल्याकडे कर वाढला, की तिकडून येणाऱ्या पिशव्याही वाढतात. बाटलीवर ‘फक्त मध्य प्रदेशात विक्रीसाठी’ छापलेलं असतं. तेवढी ओळ गुन्ह्याला पुरते.

एका मंगळवारी ठाण्यात खबर आली, की एक म्हातारी दर महिन्याला बऱ्हाणपूरहून माल आणते, गावात विकते, आणि आज दुपारच्या गाडीनं उतरणार आहे. खबर देणाऱ्याला धंद्यातली इतकी माहिती होती, की तो स्वतः धंद्यातलाच असावा. पण खबर खरी निघाली. धामणगाव बढेच्या थांब्यावर आम्ही दोन पंचांसमोर तिची पिशवी उघडली. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत एकेक गुंडाळलेल्या ब्रँडीच्या अकरा क्वार्टर होत्या. चिंध्या धुतलेल्या, घडी घातलेल्या.

ठाण्यात जमादारांनी सुरुवात केली. “काय आजी, या वयात धंदा काऊन करून राह्यल्या?”

“धंदा नाई रे बापू. अंगाले लावाले हाये.”

“अकरा बाटल्या? अंग हाये का म्हैस?”

“माह्या नाई, लेकराच्या. बाळंतिणी आन लेकरं चोळतो मी. पोटात एक थेंब नाई देत, आईची आन. थंडीत छातीले, पाठीले लावतो.”

“मंग इथून घ्या न इकत.”

“इथं लय महाग झाली. घरवाले म्हनतात, कमी लावा. माही लेक बऱ्हाणपुरात देल्ली हाये. तिच्याकडं गेलो का घेऊन येतो. तिकडं स्वस्त काऊन भेटते, मले का मालूम?”

जमादारांनी तिला दोन सरकारं आणि दोन कर समजावून सांगितले. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “लेकराची पाठ त दोहीकडं सारखीच असते.”

“पैसे घेता का बाटलीचे?”

“घेतो न. जेवढ्याले आनली तेवढे. फुकट कुठून आनू?”

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. तिनं स्वतःच्या तोंडानं विक्री कबूल केली होती. आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. नुसत्या खरं बोलण्यानं माणूस किती अडकतो, हे मी तेव्हा पाहिलं. तिची भीती वेगळीच होती. “मॅडम, जेलात टाका. पन कागदावर दारूवाली लिहू नका. मंग कोन लेकरू देईन माह्या हातात?”

गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर ठळक कुंकू, पण दोन्ही मनगटं रिकामी. नवरा असलेली बाई तिकडे रिकाम्या हातानं पाणीही भरत नाही. त्या चौकशीत मी एकच प्रश्न विचारला. “बांगड्या का नाहीत?”

“लेकराले रुततात,” ती म्हणाली. “मालक जिता हाये. लोक बोलतात. पहिलं लेकरू चोळलं तवापासून नाई भरल्या.”

माझ्यापुरता तपास तिथे संपला होता. पण फायलीत मनगटं लावता येत नाहीत, जबाब लागतात. दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला घेऊन मी आजीनं सांगितलेल्या घरांत गेले. पहिल्या घरी म्हणाले, “आमच्याकडं असलं काही येत नाही.” पाळण्यामागच्या फळीवर अर्धी बाटली दिसत होती. दुसऱ्या घरी दार उघडलं नाही. तिसऱ्या घरी सासू म्हणाली, “आजीचे हात सोन्याचे हायेत. पन कागदावर दारूसंगं आमचं नाव नको.”

तेवढ्यात आतून बाळंतीण आली. डोक्याला फडकं, कडेवर तेलानं चमकणारं बाळ.

“माहं लिहा,” ती म्हणाली.

“अवं, तुले समजते का काई?” सासू म्हणाली.

“सिझर झालं तवा मले उठता येत नव्हतं. कोनं उठवलं? तुमी का, आजीनं?”

महिला शिपायानं जबाब लिहून वाचून दाखवला. सही करायची वेळ आली तसं बाळंतिणीनं बाळ सरळ माझ्याकडे दिलं. मी तोवर कुणाचं बाळ हातात घेतलं नव्हतं. पट्ट्याचं बक्कल त्याला लागेल म्हणून मी त्याला उंच धरून उभी राहिले. सही करायला तिला बराच वेळ लागला. अक्षर शाळेतल्यासारखं गोल होतं. ती सही पाहून सासूनंही खाली अंगठा उठवला.

गुन्हा टळला नाही. बाहेरच्या राज्यातली दारू विनापरवाना बाळगणं कायद्यात बसत नाही, आणि ते मी लिहिलं. पण कशासाठी आणली, हे त्या जबाबासह लिहिलं. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी आजीला बोलावून सांगितलं, की बाळाला ब्रँडी लावूच नये, नुसतं तेल पुरे. आजीला ते पटलं नाही, पण तिनं ऐकलं.

पुढे इतर गुन्ह्यांत मी कुठून आणली, कितीला आणली हे विचारतच राहिले. ते विचारावंच लागतं. पण त्याआधी कोणासाठी, हे विचारायला या बाईनं शिकवलं. उत्तर बहुतेकदा खोटं असायचं. तरी विचारायचे.

काही महिन्यांनी तिनं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. बाहेर आल्यावर मी विचारलं, चहा घेता का.

“नाई मॅडम, जातो,” ती म्हणाली. “बारा दिवसाचं लेकरू हाये. पानी तापवून बसले असतीन.”