ॲप कोण उघडतं

पुण्यातली नोकरी गेली तेव्हा लातूरच्या एका कोचिंग क्लासने मला हात दिला. पदाचं नाव प्रॉडक्ट मॅनेजर. आमच्या नांदेडच्या घरी त्याचा अर्थ कुणालाच कळत नव्हता. वडील लोकांना ‘कॉम्प्युटरमध्ये मोठी साहेब आहे’ एवढंच सांगून मोकळे व्हायचे. काम होतं क्लासचं ॲप वाढवणं. वर्गातले तास रेकॉर्ड व्हायचे आणि संध्याकाळी ॲपवर यायचे. संचालक सरांनी पहिल्याच बैठकीत बजावलं, "दिवाळीपर्यंत मुलं ॲपवर दिसली पाहिजेत. नाहीतर ॲप बंद. मग तुमचं तरी इथं काय काम?"

मुलं दिसणार कुठून? गावाकडून आलेलं लेकरू होस्टेलात शिरलं की आधी त्याचा मोबाईल काढून घेत. हीच तर लातूरची शिस्त, पालक तिच्यावरच भुलून यायचे. ज्यांच्या हातात फोनच नाही त्यांच्यासाठी मी ॲप चालवत होते, आणि हे सांगायला गेलं की सर म्हणायचे, "कारणं नकोत." मी बटणांचे रंग बदलले, बक्षिसं लावली, आठवणीचे मेसेज पाठवले. रोज सकाळी आकडा बघायचा, तो हलायचाच नाही. पुण्याहून परत आलेली मी, आता लातूरहूनही परत जाणार?

एकच खातं न चुकता रोज उघडायचं. तोच जीवशास्त्राचा तास, पुन्हा पुन्हा. म्हटलं, सापडली बाई एक तरी विद्यार्थिनी! हरखून त्या नंबरवर फोन लावला. उचलला तो किल्लारीहून तिच्या आईने.

"मला काय कळतंय त्यातलं, मॅडम? मधीच माजी पोरगी उठून सरला म्हणती, परत सांगा. तिचा आवाज येतो, म्हणून लावते." मग म्हणाल्या, "भूकंपात माय गेली तवा मी लई लहान होते. तिचं तोंड याद हाय. आवाज काई केल्या आठवत न्हाई."



दिवाळीआधीच सरांनी ॲप गुंडाळायचं ठरवलं, सगळ्या रेकॉर्डिंगसकट. तो एक तास त्या बाईंना पाठवू द्या म्हणून मी अक्षरशः हातापाया पडले. "उद्या समोरच्या क्लासवाल्याच्या हाती लागला तर?" सर म्हणाले. स्वतःच्या नोकरीसाठी मी एवढी गयावया केली नव्हती.

बाकी पालकांना ॲप बंद होणार असल्याचा मेसेज गेला. त्या बाईंना तरी आपण स्वतः सांगावं म्हणून दुपारी फोन केला.

"लवकर बोला, मॅडम," त्या म्हणाल्या. "फोन आला की तिचं बोलणं थांबतं."

"काही नाही, सहज केला होता," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.