एका पानात बसवलेली मझौली

नववीत शाळा सोडून साताऱ्याकडून इतक्या लांब जबलपूरला आलो, तेव्हा मला ठेवून घेतलं ते इथल्या एका मराठी घरानं. त्यांची भांड्यांची तीन दुकानं. पहिलं वर्ष मी जबलपूरबाहेरच्या मझौली गावातल्या दुकानात काढलं. ते दुकान सांभाळणारे भैया मला स्वतःच्या घरी जेवू घालायचे. गिऱ्हाइकाशी हिंदीत कसं बोलायचं, कॉम्प्युटरवर बिल कसं काढायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. त्यामुळे यंदा मझौलीचं दुकान ठेवायचं की बंद करायचं हे ठरणार म्हटल्यावर माझी झोपच उडाली. तिन्ही दुकानांची विक्री मालकांपुढे मांडायचं काम माझ्याकडेच होतं.

मी मझौलीचा आलेख वेगळ्या पानावर काढला. हळूहळू चढत गेलेली रेघ स्पष्ट दिसत होती. मालकांच्या सूनबाईंनी ते पान बघून बाजूला ठेवलं.

"बाबा दुसरं पान उलटतच नाहीत रे. एकाच पानात बसव सगळं."

"पण दीदी, कमानिया गेटच्या दुकानाशेजारी मझौली दिसणारच नाही."

"काहून नाही दिसणार? हिरवा रंग दे."

तिन्ही दुकानांच्या विक्रीचे खांब एकाच आलेखात काढले, मझौलीला हिरवा दिला. कमानिया गेटचे खांब पानाच्या माथ्याला टेकले, राइट टाउनचे निम्म्यापर्यंत आले आणि मझौलीचे तळाशी, गवतासारखे. गवतातला चढ कोण बघतो?

रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी पान हातात घेऊन लांब धरलं.

"अच्छा. हे हिरवं तं झोपूनच राहिलं."

"बाबा, ते वाढतंय. वेगळं काढलंय मी, हे बघा."

खिशातलं दुसरं पान पुढे केलं. ते त्यांनी न उलगडताच चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मेहनत केली तू, दिसून राहिलं. इतकं साफ आजवर कोणी दाखवलं नाही. चलो, ठरलं."

ज्या हातानं आसरा दिला, त्या हाताखाली पुढे काय बोलणार?

मझौलीचं दुकान बंद झालं. भैयांना कमानिया गेटला घेतलं, नोकरी गेली नाही, याचे उपकारच. रोज मझौलीहून बसनं येतात, दुसऱ्याच्या काउंटरमागे उभे राहतात. एकदा दुपारी माझ्याजवळ आले.

"दिखाओ तो, क्या दिखाया था."

मी स्क्रीनवर पान उघडलं.

"इसमें हम कहाँ हैं?"

मी बोट ठेवलं. अख्खी मझौली बोटाखाली गेली, म्हणून लगेच उचललं. तरी ते वाकून शोधतच होते.