मांडीवरची पिशवी

चामोर्शीला एका दवाखान्यात मी सुनेच्या तपासणीला गेले होते. बाकावर माझ्या शेजारी चाळिशी उलटलेली एक बाई मांडीवर भली मोठी पिशवी धरून बसली होती. पलीकडे तिची पोटुशी लेक आणि जावई. पिशवी खाली ठेवा म्हटलं, तर कानाशी पुटपुटली, "कशी ठेवू बाई? मलेही सातवा लागला. जावयासमोर लाज वाटते."

तेवढ्यात नर्स ओरडली, अगदी बाहेरच्या चहावाल्यालाही कळावं अशी. "हाय रिस्कवाली कोण आहे? वय जास्त, बीपी जास्त?"

बाई हललीच नाही. फरशीकडे बघत राहिली. मीही.

जावई उठला. त्याने हळूच तिच्या मांडीवरची पिशवी उचलली. "चला आई, तुमाले बोलावून राह्यले."

ती उठली. पोट झाकायला आता काही उरलं नव्हतं. तिने पदर तोंडावर ओढला.