जज्जबाई, मुक्काम हिगाशी-कसाई

टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या मराठी मंडळात मेधाताईंना सगळे ‘जज्जबाई’ म्हणत, आणि म्हणून झालं की एकमेकांकडे बघून हसत. बाई खरोखरच न्यायाधीश होत्या. पुण्यात वकिली, दुसऱ्या खेपेला परीक्षा पास, मग तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं. बढती तोंडावर आली आणि नवऱ्याला, देवदत्तरावांना, टोकियोचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. “दोनच वर्षं गं,” ते म्हणाले. बाईंनी राजीनामा दिला. त्याला आता नऊ वर्षं झाली.

हल्ली त्या स्टेशनजवळच्या कोंबिनीत, चोवीस तासांच्या दुकानात, गल्ल्यावर उभ्या राहतात. “डबा गरम करू का?” हे जपानीत अशा सुरात विचारतात, की गिऱ्हाइकाला गुन्हा कबूल करावासा वाटतो.

न्यायदान उरलं ते गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेपुरतं. तिथे बाई सकारण निकाल वाचत. “स्पर्धक क्रमांक चार यांनी हातवारे केले, मुद्दा मांडला नाही.” क्रमांक चारचं वय सहा. तो रडत आईकडे.

यंदा मंडळाचे अध्यक्ष शशिकांतराव यांच्या कंपनीला भारतातले करार तपासायला कायद्याचं माणूस हवं होतं. “मेधासान, तुमचा बायोडेटा पुढे केलाय. ऑलमोस्ट डन समजा.” बाईंनी त्याच दिवशी काळा कोट ड्रायक्लीनिंगला टाकला.

स्पर्धेत जवळच्या ग्योतोकुची ज्ञानदा कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा या जपानी नियमांवर असं बोलली की हॉल हसून लोळला. अध्यक्षांचा पुष्कर दुसऱ्याच वाक्याला अडला आणि खाली बसला. बाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. शशिकांतराव मोबाइलवर शूटिंग करत होते.

“प्रथम क्रमांक, पुष्कर.”

ज्ञानदाने हात वर केला. “आंटी, रीझन्स?”

बाईंनी कागद उलटा केला. मागेही काही नव्हतं.

“वेळेअभावी,” त्या म्हणाल्या.

“अपील कर गं, हायकोर्टात,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल पुन्हा लोळला.

प्रसादाच्या रांगेत बाईंनी शशिकांतरावांना गाठलं. “माझ्या इंटरव्ह्यूचं काही…”

“अरे हो, सांगायचं राहिलंच. ती पोस्ट मंगळवारीच भरली. त्यांना जपानी लॉ डिग्रीच हवी होती. सॉरी हं, मेधासान.” त्यांनी मोदक पुढे केला. “पुष्कर, आंटींना थँक यू म्हण.”

पुष्कर आईकडे वळून जपानीत म्हणाला, “पण मी तर सगळं विसरलो होतो. मग मला का दिलं?”

नऊ वर्षांत बाईंना तेवढं जपानी येऊ लागलं होतं.