तारांचं लग्न

“आलं का कानात?” परळीच्या आमच्या गल्लीतले भोंगेवाले काका भाजीचा भाव सांगूनही हेच विचारत, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचाच कान चोळत.

मुलांनो, निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. गावात वीज नव्हती. काकांचे दोन कर्णे मोटारीच्या बॅटरीवर बोलत, तेही पोलिसांच्या अमीनसाहेबांनी परवानगी दिली तर. प्रत्येक कर्ण्याला दोन तारा: लाल तो नवरा, काळी ती नवरी. मंचाच्या दोन्ही अंगांना कर्णे बांधताना काका दुसऱ्याच्या तारा मुद्दाम उलट जोडत. म्हणत, “मधी अंतरपाट हाय. समोरासमोर नगं का?”

अशा जोडणीत एक कर्णा हवा पुढे लोटतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. बरोबर मधे बसणाऱ्याला आवाज पोकळ लागतो, कडेच्यांना काही कळत नाही. मधे बायका बसत, आणि बायकांना विचारतंय कोण!

काकांची बायको वारली होती. घरात ते आणि लेक. एका शिवरात्रीला दुपारच्या भजनात लेक गाणार होती आणि तिला ऐकायला चौसाळ्याच्या एक बाई आल्या होत्या, मुलासाठी. त्यांची अट एकच: “आमच्यात दर सोमवारी भजन असतंय. सुनंचा आवाज घरभर भरला पायजे.”

मी त्यांच्या शेजारीच होते. लेक गाऊ लागली. बाईंनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

“पोरगी समोर, अन् आवाज कुठनं येतोय? डब्यात बसून गातीया जणू.”

त्या पदर सावरून उठायला लागल्या. मी काकांकडे धावले.

“कावून? लई झकास येतंय की!” काका कर्ण्याखाली उभे होते.

“मधे येऊन ऐका.”

ते बायकांत येऊन बसले तशी कडेची माणसं हसली. “काय बे, लुगडं देऊ का?”

काकांनी कान दिला. तोंड उतरलं. “आरं, माजी पोर कुठं गेली?”

क्षणभर दोन्ही कर्ण्यांकडे बघत राहिले. मग उठलेच. “लगीन लागल्यावर कशाला अंतरपाट? ऱ्हावा एका अंगाला!” त्यांनी दुसऱ्या कर्ण्याच्या तारा सुलट केल्या.

आवाज मंचावरून सरळ आमच्यापुढे येऊन उभा राहिला. चौसाळ्याच्या बाई पुन्हा बसल्या. “हां,” म्हणाल्या, “आता भरंल घर.”

वैशाखात लेक चौसाळ्याला गेली.

त्यानंतर कुठेही कर्णे बांधले की काका आधी मधे जाऊन बसत. कोणी हसत नसे. पण पूर्वी चाचणीला माइकवर बोलायची ती लेकच. आता मंच रिकामा असे. काका तरी बसून राहत, त्या बाजूला कान करून.