पूलवालीची चाल

काडीला काडी हे नाव कॉलेजच्या नाटकमंडळात पडलं. उंच, हडकुळी, जोरात वाकली तर मोडेल की काय असं बघणाऱ्याला वाटायचं. तिच्या शेजारी कायम उभी असणारी, तिच्या खांद्यालाही न लागणारी मैत्रीण म्हणजे बुटकी. दोघी दारातून आत आल्या की कुणीतरी हटकून म्हणायचं, "आला बघा बांबू, कुंडीसकट." काडी फारशी बोलायची नाही, करून दाखवायची. बोलायचं खातं बुटकीकडे. काडीनं जे अंगानं केलं त्याला शब्द द्यायचे, आणि वर भांडून ते नाटकात घालून घ्यायचे, हे ती एकटी निभवायची.

पुढे नाटक सुटलं, मैत्री सुटली नाही. काडी एका शाळेत मुलांना कवायत शिकवू लागली. बुटकीला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत पात्रं लिहायची नोकरी लागली. गेममध्ये जी माणसं फिरतात ती कोण, कुठली, कशाला भितात, कशावर चिडतात, हे सगळं ठरवायचं. "दिवसभर खोटी माणसं जन्माला घालते आणि त्याचा पगार घेते," असं ती स्वतःच सांगायची.

मग काडीच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. त्या काळात बुटकी जवळजवळ त्यांच्याच घरी राहायला होती. आईची वेणी घालणं, औषधं आणणं, बाबांना जबरदस्तीनं झोपायला पाठवणं, सगळं केलं तिनं. आई तिला "माझी धाकटी" म्हणायची. हळूहळू आई उभी राहिली, चालू लागली. डावा पाय फरफटत यायचा. पाऊल टाकण्याआधी उजव्या हाताची बोटं भिंतीला हलकेच टेकायची, आधारासाठी नव्हे, भिंत जागेवर आहे ना एवढं बघण्यापुरती. आणि उंबरठा आला की पाय हटून बसायचा. मग आई थांबायची, स्वतःशीच हसायची आणि म्हणायची, "थांबा गं, पायाला विचारून येते." बाबा दुसऱ्या बाजूला हात पुढे करून उभे असायचे, पण धरायचे नाहीत. धरलेलं तिला आवडत नसे.

दोन वर्षांनी आई गेली.

त्यानंतर बऱ्याच काळानं बुटकी एका रविवारी दाराची कडीही न वाजवता आत आली, आणि पाणी पिता पिताच म्हणाली, "काडे, एक म्हातारी लिहिलीय. पूलवाली. पडक्या पुलावर एकटी राहते, आणि खेळणाऱ्यानं तिला अख्ख्या मुलखातून पलीकडे न्यायचं असतं. तिला अंग हवंय. तू ये."

कंपनीत एक मोठा रिकामा हॉल होता. चारी भिंतींवर कॅमेरे, जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या, जिन्याच्या जागी लाकडी खोकी, काठीच्या जागी झाडूचा दांडा. काडीला अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख दिला आणि सांध्यासांध्यावर चमकणारे गोळे चिकटवले. कॅमेरे फक्त ते गोळे बघणार, आणि त्यावरून पडद्यावरची म्हातारी हलणार. आरशात बघून काडी म्हणाली, "मोहरी फोडणीला टाकल्यासारखी दिसतेय मी." बुटकी पोट धरून हसली.

पण काम जमेना. काडी कमरेत वाकली, थरथरली, धापा टाकल्या. दिग्दर्शक चांगला माणूस, पण खोटं बोलत नसे. "म्हातारीचा अभिनय दिसतोय," तो म्हणाला. "म्हातारी दिसत नाही."

बुटकीनं तिला पाण्याच्या पिंपाशी बाजूला घेतलं. "काकूंसारखी चाल ना एकदा."

"नको."

"अगं, कुणाला कळणार आहे? ते आपल्या दोघींतच राहील. शपथ."

काडीनं लगेच हो म्हटलं नाही. घरी गेली, बाबांना विचारलं. बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "कर. फक्त लोक हसता कामा नयेत. आणि ती कोण, हे सांगत बसायचं नाही. तिला दुखण्याबद्दल बोललेलं आवडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी काडी हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि चालली. भिंत नव्हतीच, तरी बोटं हवेत टेकली. पाय फरफटत आला. खोक्याशी पोचल्यावर ती थांबली, हसली, आणि ठरवलेलं नसताना तोंडून निघून गेलं, "थांबा गं, पायाला विचारून येते." दिग्दर्शकानं हातानंच "चालू राहू दे" अशी खूण केली. नंतर संगणकावर त्यांनी तिला दाखवलं. चेहरा नसलेली, मातीच्या रंगाची एक बाई पाठमोरी चालत होती. काडी बघत राहिली, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बुटकी दाराबाहेर उभी होती. तिचेही डोळे सुजले होते, हे काडीनं पाहिलं.

वर्षभर ते काम चाललं. शेवटी शेवटी कंपनीनं एका नावाजलेल्या नटीला घेतलं. पूलवालीचा चेहरा आणि आवाज तिचा, अंग काडीचं. काडीला यात काही खटकलं नाही. नटीच्या नावावर गेम खपणार, हे तिलाही कळत होतं. बुटकीनंच सांगितलं होतं, "पडद्यावर दोघींची नावं शेजारी शेजारी येणार. मी बोललेय."

गेम बाहेर काढायचा समारंभ ठरला. काडीनं बाबांना हट्टानं बरोबर नेलं. आई गेल्यापासून ते अशा कुठल्या ठिकाणी गेले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घातला, तीनदा भांग पाडला. दोघांना मागच्या रांगेत जागा मिळाली. पडद्यावर पूलवाली चालत आली, बोटं भिंतीला टेकली, आणि बाबांनी काडीचा हात घट्ट पकडला. कुणी हसलं नाही.

मग नटी मंचावर आली. सूत्रसंचालकानं विचारलं, "ही चाल तुम्हाला सापडली कुठे?"

नटीनं क्षणभर मान खाली घातली. "माझी आजी," ती म्हणाली. "तिला अर्धांगवायू झाला होता. उंबरठ्याशी आली की थांबायची आणि म्हणायची, थांबा गं, पायाला विचारून येते. माझे आजोबा पलीकडे हात पुढे करून उभे असायचे. पण धरायचे नाहीत. धरलेलं तिला आवडायचं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे टिपत होती.

बाबांनी काडीचा हात सोडला. "ही कुणाची गोष्ट सांगतेय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

पायाचं, उंबरठ्याचं वाक्य गेममध्ये होतं, ते कुणीही उचललं असतं. पण हात पुढे करून उभे राहिलेले बाबा? ते गेममध्ये कुठेच नव्हते. ते पाहणारी घराबाहेरची एकच व्यक्ती होती. नावांची यादी पडद्यावरून सरकली तेव्हा नटीचं नाव एकटंच मोठ्या अक्षरांत आलं. काडीचं नाव पार शेवटी, वायरी सांभाळणाऱ्यांच्या घोळक्यात होतं.

बुटकी तिला चहाच्या टेबलापाशी सापडली. हातातली बशी तिनं खाली ठेवली, म्हणजे तिला कळलं होतं.

"तू लिहून दिलंस ना तिला?" काडी म्हणाली.

"अगं, तिला काहीतरी बोलायला हवं होतं. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. वरचे लोक माझ्यामागे लागले होते, माणसांच्या काळजाला भिडेल असं दे म्हणून."

"आणि तुला माझीच आई मिळाली?"

"माझीही होती ती थोडी," बुटकी म्हणाली. "कोणाचं काय गेलं सांग ना. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणूनच नाही विचारलं."

काडीला आतापर्यंत कुठेतरी वाटत होतं की काहीतरी गैरसमज असेल, घाईत राहून गेलं असेल. त्या वाक्यानं तेही संपलं. ती वळली. बाबा दाराशी हातात कोट घेऊन उभे होते. बुटकीनं "काका" अशी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

काही महिन्यांनी कंपनीतून फोन आला. पूलवालीवर मालिका निघणार होती, खऱ्या माणसांची. नटीला ती चाल शिकवायला काडी येईल का? काडी गेली, ते नकार तोंडावर द्यायला. नटी सराव करत होती. बोटं भिंतीला टेकवायची, पण आधार घेतल्यासारखी. काडीनं तिला सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

नटी मटकन खुर्चीत बसली. "मला सांगितलं होतं की ही बनवलेली गोष्ट आहे," ती म्हणाली. "लेखिकेनं सुचवलेली. ताई, मला खरंच माहीत नव्हतं. मी जाहीर सांगते लोकांना."

तिनं सांगितलं नाही. कदाचित सांगू दिलं नसेल. मालिका निघाली, आणि त्यात दुसऱ्याच कुणीतरी शिकवलेली चाल होती.

बुटकी दोनदा घरी येऊन गेली. पहिल्यांदा दार वाजवलं, कारण कडी आतून लावलेली होती. काडीनं उघडलं नाही. दुसऱ्यांदा बाबांनी उघडलं, तिला आत बसवलं, पाणी दिलं. काडी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकत होती. बुटकी रडत होती आणि बाबा एवढंच म्हणाले, "पोरी, तू लिहिणारी. तुला दुसरं काही सुचलं असतं की." ती गेल्यावर त्यांनी पेला विसळून ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांनी काडीला तो गेम टीव्हीवर लावून द्यायला सांगितला. काडीला वाटलं, वय झालं, विसरले. पण त्यांनी एक टॉवेल आणला आणि टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर टाकला. नटीचा चेहरा झाकला गेला. खाली उरले पाय, पदर आणि भिंतीला टेकणारी बोटं. आवाजही बंद केला. "आता चालव तिला," ते म्हणाले. काडीनं बटण दाबून पूलवालीला गेममधल्या एका अंगणभर फिरवलं. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. थोड्या वेळानं काडीनं ते बटणांचं यंत्र त्यांच्या हातात दिलं, कसं चालवायचं ते दाखवलं आणि ती बाहेर गेली. तिला ते बघवत नव्हतं. तिच्यालेखी टॉवेलाखाली नटी होतीच, आणि नटीच्या मागे बुटकी.

काडी आजही गेममधल्या पात्रांना अंग द्यायचं काम करते. शाळा सोडली, दोन कंपन्या तिला नेहमी बोलावतात. सैनिक, चोर, चेटकीण, जखमी वाघीणसुद्धा तिनं केली आहे. पण चाली ती आता बसथांब्यावर उभी राहून, दवाखान्यात बसून, अनोळखी माणसांच्या उचलते. घरातलं काही देत नाही. मध्यंतरी एका तरुण दिग्दर्शकानं तिला चेटकिणीचं वळणं फार आवडलं म्हणून कौतुकानं विचारलं, "हे कुठून आणलंत हो?"

"असंच," काडी म्हणाली, आणि हातावरचे गोळे काढायला लागली.