सुनंदाच्या चौकशीतली पहिली सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. आता सांगतोय, कारण — कारण पेपरात उलटं छापून आलंय, आणि ते माझ्याच तोंडचं आहे.

आमच्या शेजारची सुनंदा राजदूत होणार. नाव जाहीर झालं त्या दिवशी न्हावऱ्यात पेढे वाटले. तिची सगळी नोकरी मला पाठ आहे. तेवीस वर्षं, पाच देश. सुरुवातीला तृतीय सचिव, मधे चार वर्षं दिल्ली, मग एकेक पायरी वर. डेअरीवर कुणी विचारलं की मीच सांगतो. आकड्यात मी चुकत नाही, अशी माझी ख्याती आहे. खात्री नसलेल्या कागदावर मी सही करत नाही, अशीही.

या दुसऱ्या ख्यातीचंच सांगायचंय.

सुनंदाच्या वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. घराणं मेंढरं राखणारं. जमीन त्यांनी मागाहून घेतली, आमच्या बांधाला लागून. त्यांनी बांध अडीच फूट आमच्याकडं सरकवला, असं माझं म्हणणं. लांबी तीनशे दहा फूट. म्हणजे पाऊण गुंठाही भरत नाही. हा हिशेब मी तेव्हाही केला होता — मग एवढ्याशासाठी डूख का धरला?

त्याच वर्षी सुनंदा परराष्ट्र सेवेत निवडली गेली. नेमणुकीआधी पोलीस चौकशी होते. घर कसं, वागणूक कशी, दोन शेजाऱ्यांचे जबाब. हवालदार आधी माझ्याकडं आला. शिकलेला शेजारी म्हणून. सुनंदा लहानपणी रोज आमच्या ओट्यावर गणितं सोडवायची. माझ्या आईनं तिला कितीदा जेवू घातलेलं. आणि मी म्हणालो — त्या घराची मला काही माहिती नाही, सही करणार नाही.

एवढंच. वाईट असा एक शब्द बोललो नाही. पण बांधाला बांध असलेला माणूस ‘माहिती नाही’ म्हणतो, यावरून हवालदारानं काय समजायचं? हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणून तर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आबा आले. ओट्याच्या खालीच उभे राहिले. “बांधाचं बांधावर बघू रं. पायजे तर तीन फूट घे. पोरीच्या मधी येऊ नगंस.”

मी काय उत्तर दिलं असेल? “आबा, मी खोट्यावर सही करत नाही.”

खोटं काय होतं त्यात?

शेवटी खालच्या वस्तीवरचे दगडूमामा हातातलं काम टाकून एसटीनं शिरूरला ठाण्यात सही करायला गेले. दोनदा, कारण पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसरा शेजारीही त्यांनीच तयार केला. कागद एकोणीस दिवस उशिरा गेले. ते दिवस मी मोजले होते. एकोणीस दिवस आबांच्या घरात नेमणूक राहते की जाते हा घोर होता, आणि मी बांधावर उभा राहून ते बघत होतो.

गेल्या महिन्यात वार्ताहर आला. मी ओट्याचं सांगितलं. ते खरंच होतं. मग — त्यानं विचारलंही नव्हतं — म्हणालो, चौकशीत पहिली सही माझी. फोटोसकट छापून आलं. दगडूमामांनी ते सुनेकडून वाचून घेतलं. भेटले तेव्हा हसले. “व्हय का? मंग माझी दुसरी असंल. आता ध्यानात काय ऱ्हातंय!” त्यांच्या सगळं ध्यानात आहे. ते माझ्याकडं बघत नव्हते.

परवा सुनंदाचा फोन आला. आबा जाऊन सहा वर्षं झाली; माझ्या नकाराचं त्यांनी लेकीला कधीच सांगितलं नव्हतं.

“अण्णा, पेपर वाचला,” ती म्हणाली. “तुमच्या सहीचं आबा बोललेच नाहीत कधी. मला आपलं वाटायचं, बांधापायी तुम्ही आमचं वाईट चिंतत असाल. इतकी वर्षं मनात धरून होते. माफ करा मला.”

मी ऐकत होतो. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

“असू दे गं,” मी म्हणालो, “मी कधीच माफ केलंय.”